ठेवून घेतलेल्या पाट्या

१

हजेरीला मला चार मिनिटे लागत. अकराची घंटा झाली की व्हरांड्यात टाटपट्ट्या अंथरायच्या, भिंतीला टेकवलेला फळा सरळ करायचा, पट उघडायचा आणि एकेक नाव घ्यायचे. तिसरी ब, सेहेचाळीस मुले.

व्हरांड्यात, कारण माझ्या वर्गाला खोली नव्हती. म्हणजे खोली होती, पण तिच्यात मुले बसत नव्हती. आमच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे सहा नंबरची खोली होती आणि तिला कुलूप होते. आत साहित्य होते. शाळेतून निवृत्त झालेला प्रत्येक शिक्षक आपले नकाशे, तक्ते, मणीफळे, पृथ्वीचे गोल त्या खोलीत ठेवून गेला होता. मुलांच्या हातात दिले तर मोडेल, म्हणून द्यायचे नाही; आणि सरकारी आहे, म्हणून टाकायचेही नाही. फेब्रुवारीचे नागपूरचे ऊन अकरालाच माझ्या मुलांच्या गुडघ्यांवर येई. साहित्य मात्र सावलीत.

साल चौऱ्याहत्तर. मी सहा वर्षे बडोद्याला मामाकडे राहून, शिकवायचे कसे ते शिकून परत आले होते. तिथल्या शाळेत वस्तू मुलांच्या हातात असत. मोडल्या तर मुलेच पुन्हा बनवत. इथे आल्यापासून मी रोज कशावर तरी चिडत होते आणि त्यातले एकही चिडणे मला चुकीचे वाटत नव्हते.

भागीरथा संक्रांतीनंतर शाळेत आली नव्हती. आठ वर्षांची, काळीसावळी, पाचाचा आकडा नेहमी उलटा काढणारी आणि तरी वर्गात सगळ्यात आधी उत्तर देणारी. तिचे आईबाप संत्र्याच्या तोडीसाठी नरखेडकडे गेले होते आणि तिला घेऊन गेले होते. महिनाभर गैरहजर राहिले की नाव कमी करायचे, असा आमच्या शाळेचा नियम होता. मी तो पाळणार नव्हते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी मला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बाबांनी ठरवले होते की ह्या पोरीचे नाव शाळेच्या पटावरून कोणी कमी करणार नाही, आणि त्यासाठी त्यांनी गिरणीत दोन-दोन पाळ्या केल्या. मी कोणाचे नाव कमी करणार होते?

म्हणून मी रोज भागीरथाचे नाव घेई, क्षणभर थांबे आणि पुढे 'हजर' लिही. मी तिची जागा राखत होते.

त्या गुरुवारी मी नाव घेतले, थांबले, आणि पेन टेकवण्याआधी माझ्या पाठीमागून आवाज आला, "हजर, बाई."

मी वळले. मागे भिंत होती. पुन्हा मुलांकडे पाहिले. अशा चेष्टेवर पंचेचाळीस मुले हसायला हवीत. एकही हसले नाही. सगळी आपापल्या पाटीकडे बघत होती, सवयीने.

२

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत गेले. यमुताई एकट्याच डबा खात बसल्या होत्या. त्यांना शाळेत बत्तीस वर्षे झाली होती, एप्रिलअखेर त्या निवृत्त होणार होत्या. माझ्याआधी तिसरी ब त्यांच्याकडेच होती.

"काय वं शामला, भूत पाहिल्यासारखी काहून बसली?"

"सहा नंबरात कोण असते?"

"कोणी नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पाट्या हायत."

"कसल्या पाट्या?"

"पोट्ट्याईच्या. कापूस फुटला, संत्रा आला, का मायबाप लेकरं घेऊन चालले. तवा मी पाटी ठेवून घेते. नवी घ्यायची त्याईची ऐपत नसते. पाटी इथं असली का पोरगं आज ना उद्या इथंच येते. माझ्या आधीच्या बाई तसंच करत, त्याईच्या आधीचे मास्तर बी."

"आणि आलेच नाही तर?"

"पाटी राह्यते नं."

"आणि पटावर?"

"पटावर हजर. पट पडला तर एक मास्तर कमी होते, मंग साठ-साठ पोट्टे एकीच्या गळ्यात." त्या अगदी शांतपणे सांगत होत्या. "नाव कमी केलं का लेकरू गेलंच समज. मले नाही जमलं कोणाचं नाव खोडाले."

मला संताप आला. मुलांच्या हातातली वस्तू काढून घ्यायची, ती कुलपात घालायची आणि कागदावर मूल हजर दाखवत बसायचे! एखाद्या दिवशी उठून त्याच्या घरी जायचे कोणाला सुचले नाही. बत्तीस वर्षे!

"भागीरथाची पाटी?" मी विचारले.

"घेतली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिची माय सांगाले आली होती. तू वर्गात होती."

"ती माझ्या वर्गातली मुलगी आहे. तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

यमुताईंनी डबा बंद केला. "बडोद्याच्या बाई, मले शिकवून राहिली. तू काय लिहून राहिली तिच्या नावापुढं? गैरहजर?"

त्याच दुपारी मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. सहा नंबरची खोली ताबडतोब रिकामी करावी, उपयोगी साहित्य मुलांना द्यावे, बाकीची अडगळ टाकून द्यावी, आणि ती खोली तिसरी ब वर्गाला मिळावी. 'अडगळ' ह्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या.

३

मुख्याध्यापक मारोतरावांना माझा अर्ज इतका आवडेल असे मला वाटले नव्हते. सोमवारनंतर कधीही वरचे साहेब तपासणीला येणार होते आणि भरलेल्या खोलीबद्दल मागच्या वेळी त्यांनी शेरा मारला होता. "वा, मेश्राम बाई! पहिल्यांदा कोणी तरी काम केलं," असे म्हणून त्यांनी शुक्रवारी मला यादी करायला सांगितले आणि शिपाई लहानूला किल्ली देऊन माझ्याबरोबर पाठवले.

तीन वाजले होते. लहानूने कुलूप काढले, दार ढकलले आणि तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत या, गठ्ठे उतरवायचे आहेत."

"पाच वाजू द्या, बाई. मंग येतो."

"का?"

"शाळा चालू हाय नं अजून," लहानू म्हणाला.

मी एकटी आत गेले. खोलीत वाळवीचा आणि जुन्या खळीचा वास होता. फाळणीच्या आधीचे नकाशे गुंडाळून छतापर्यंत रचले होते. तक्त्यांवरची चित्रे उडून नुसते कापड उरले होते. मणीफळ्यांचे मणी गंजलेल्या तारांना चिकटले होते. एकही वस्तू झिजलेली नव्हती. त्या नुसत्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला रडू आले, रागाने.

पाट्या डाव्या भिंतीच्या फळ्यांवर होत्या. दगडी, लाकडी चौकटीच्या, पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या. प्रत्येक चौकटीवर चाकूने किंवा तापल्या खिळ्याने नाव कोरलेले. धोंडबा. सिंधू. रुख्मिणी. शालिकराम. मी दोनशे अकरापर्यंत मोजल्या आणि थांबले, कारण फळीवर बोटभर धूळ होती आणि पाट्यांवर नव्हती.

खाली जमिनीवरही धूळ होती, पण सगळीकडे सारखी नाही. खोलीच्या मधोमध, टाटपट्ट्यांच्या रुंदीचे चार पट्टे स्वच्छ होते.

भागीरथाची पाटी शेवटी होती. मी ती ओढून काढली. तिच्यावर गणित मांडलेले होते: बावन्नातून सत्तावीस वजा, हातचा घेऊन. खाली उत्तर पंचवीस. दोन बरोबर, पाच उलटा.

ते गणित मी त्याच दिवशी बारा वाजता व्हरांड्यातल्या फळ्यावर घातले होते.

मी स्वतःशी नीट विचार केला. लहानूकडे किल्ली असते. यमुताईंना त्या पोरीचे अक्षर माहीत आहे. माझ्या अर्जाचा त्यांना राग आहे. बडोद्याच्या बाईला घाबरवायचे ठरले असणार. हे सगळे पटण्यासारखे होते. मी पदराने पाटी खसाखसा पुसली, जागेवर ठेवली आणि बाहेर आले.

कुलूप लागल्यावर मी दाराला कान लावला. आत हळू आवाजात पाढा चालला होता. माझ्या वर्गाचा नव्हता. "एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा." औटकी. दशांश आले तेव्हापासून ती शाळेत कोणी शिकवत नाही. माझ्या आईला तेवढी येते.

४

रविवारी मी पहिल्या एसटीने नरखेडला गेले. तिथून तासभर चालत त्या बागेत पोचले. मी भागीरथाला परत आणणार होते, आणि तिच्या आईबापांना चार शब्द सुनावणार होते.

भागीरथा विहिरीच्या काठावर दोन पोरींशी लंगडी खेळत होती. मला पाहून पळत आली आणि लाजून आईच्या लुगड्यामागे लपली. मला इतके हलके वाटले की मी मोठ्याने हसले. तिची आई कौसल्या संत्र्यांच्या ढिगापाशी बसून फळे निवडत होती. तिने मला बसायला गोणपाट टाकून दिले.

"बाई, तुम्ही आल्या बरं झालं. पोरीले दवाखान्यात न्याव म्हनते, पर मालक सुटी देत नाही."

"काय झालंय तिला? चांगली तर दिसते."

"आज आयतवार हाय म्हनून." कौसल्याने हातातले फळ ढिगात टाकले. "रोज अकरा वाजले का गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून मांडी घालून बसते. हाक मारा, हलवा, उठत नाही. डोये उघडे. तोंड हालून राह्यते नुसतं. पाच वाजले का आपल्यानं उठते अन् भाकर मांगते. इचारलं तर म्हनते, मी कुठं बसली होती?"

मिरगी असेल, मी म्हणाले. मेंदूची काही व्याधी असेल. मी मोठ्या दवाखान्यात ओळख काढते. बोलता बोलता मी भागीरथाला जवळ घेतले आणि सहज विचारले, "बावन्नातून सत्तावीस गेले?"

"पंचवीस. हातचा घ्यायचा, बाई," ती म्हणाली. "मंग तुम्ही माझी पाटी काहून पुसली? मी दाखवली बी नव्हती."

शुक्रवारी तीन वाजता ती माझ्यापासून पन्नास मैलांवर होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होते. लहानू नाही, यमुताई नाही, कोणी चेष्टा केली नव्हती. ज्या पोरीची जागा मी प्रेमाने राखत होते तिला रोज सकाळी अकराला मीच बोलावून घेत होते. माझ्या हाताने, शाईने.

५

सोमवारी हजेरी सुरू करण्याआधीच मी लाल शाईने भागीरथाचे नाव खोडले आणि समोर 'नाव कमी' असे लिहिले. बाबा समोर असते तर काय म्हणाले असते, तो विचार मी बाजूला सारला. मग पट वाचला. तिच्या नावावर न थांबता पुढच्या मुलीचे नाव घेतले.

"हजर, बाई," भिंतीतून आवाज आला. पुढच्या मुलीचा नव्हता. आणि त्यात थोडी घाई होती, आपले नाव विसरले की काय अशी.

मी वर्ग तसाच सोडून यमुताईंकडे गेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि आपल्या मुलांना चित्र काढायला सांगून बाहेर आल्या.

"खोडलं नाव?"

"तरी आहे ती तिथे."

"नाव खोडून काय होते? पाटी कुठं हाय?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "इतकी वर्षं तुम्हाला हे माहीत होतं!"

"आवाज येते एवढं माहीत होतं." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला. "मले वाटे, बरं हाय. कुठं तरी उन्हात राबून राहिलं असंल लेकरू, पर शिकून तर राहिलं. तिकडं त्याईचं काय होते, मी कधी पाहाले गेली नाही. खरंच नाही गेली वं."

मी मारोतरावांच्या खोलीत शिरले. ते तपासणीच्या तयारीत होते.

"सर, त्या पाट्या टाकू नका. ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या आहेत. मी पोचवते."

"उशीर झाला, मेश्राम बाई. दोन वाजता कंत्राटदाराची गाडी येऊन राहिली. नवीन मुतारी बांधून राहिलो नं आपण? नकाशे-बिकाशे जाळायचे, अन् पाट्या फोडून खाली भरावात. दगडच तर हाय."

"मुतारीच्या खाली?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू?" ते हसले. "अर्ज तुमचा, सही तुमची, 'अडगळ' शब्दाखाली दोन-दोन रेघा तुमच्या. अन् आता पाट्यांची दया येऊन राहिली?"

"दोनशेच्या वर मुलं आहेत ती!"

"कुठं हाय मुलं?" मारोतरावांनी चष्मा काढला. "बाई, ऊन लागलं का तुम्हाले?"

किल्ली टेबलावर होती. मी ती उचलली. ते काहीतरी ओरडले.

६

साडेअकरा झाले होते. मी कुलूप काढले आणि ह्या वेळी दार मागे लावून घेतले, का ते मला सांगता येणार नाही. वर्गात शिरताना दार लावायची सवय म्हणा.

फळ्या रिकाम्या होत्या.

खिडकीच्या फटीतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात मला पाट्या दिसल्या. त्या खाली होत्या, चार रांगांत, एकमेकींना खेटून. पण जमिनीवर नव्हत्या. जमिनीपासून वीतभर वर होत्या, जरा तिरक्या. मांडी घालून बसलेल्या मुलाच्या मांडीवर पाटी जशी असते, तशा. त्यांच्याखाली काही नव्हते, मागे काही नव्हते. दार उघडताना ऐकू आलेली पेन्सिलींची कुरकुर थांबली होती. खूप मुले एकाच वेळी श्वास धरतात तशी ती खोली शांत झाली.

मी शिक्षिका आहे. तोंडातून जे आले ते सवयीने आले. "झालं लिहून?"

पहिल्या रांगेतली एक पाटी वर गेली. मग दुसरी. मग सगळ्याच, डोक्याच्या उंचीवर, लिहिलेली बाजू माझ्याकडे करून, तपासायला.

त्यांवर काय होते ते मी वाचले नाही. वाचले असते तर मला तिथून हलता आले नसते. मी नावे पाहत रांगेतून गेले आणि चौथ्या रांगेच्या टोकाला मला भागीरथाची चौकट दिसली. मी ती धरली. ती सुटेना. कोणी हिसकत नव्हते, फक्त घट्ट धरून होते, आपली वस्तू मूल धरते तेवढ्याच जोराने.

"भागीरथा, सोड," मी म्हणाले. "मी घरी आणून देते. खरंच आणून देते."

पाटी सुटली. मी शेजारच्या पाटीकडे हात नेला. ती मागे सरली. त्या पोराला मी ओळखीची नव्हते, त्याने का सोडावी? चौकटीवर धोंडबा असे होते. मी पुन्हा प्रयत्न केला, पलीकडच्या पाटीवर केला, आणि सगळ्या रांगा हळूहळू भिंतीकडे सरकू लागल्या.

मी भागीरथाची एकच पाटी घेऊन दार उघडले. बाहेर यमुताई उभ्या होत्या. "मी बसते इथं, उंबऱ्यात," त्या म्हणाल्या आणि खरोखरच बसल्या, पदर खोचून, दोन्ही हात चौकटीला लावून. "मी हाय तोवर कोणी आत येत नाही. तू जा. तिले देऊन ये, मंग एकेक नेऊ."

"ते तुम्हाला उचलून बाजूला करतील, यमुताई."

"करू दे. तू जा म्हनते नं!"

७

बागेत पोचले तेव्हा साडेतीन होत आले होते. भागीरथा गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पापण्यांवर माशी होती आणि तिने ती हाकलली नव्हती. ओठ हलत होते. मांडीवर दोन्ही हात अशा तऱ्हेने ठेवलेले की त्यांत काहीतरी धरले आहे.

मी त्या हातांत पाटी ठेवली.

ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग तिने डोळ्यावरची माशी हाकलली, मान वळवली आणि मला पाहिले. कौसल्याने हातातली टोपली खाली टाकली आणि पोरीला उराशी धरून हमसून रडायला लागली. भागीरथाला त्याचे काही विशेष वाटले नाही. आईच्या खांद्यावरून ती माझ्याशीच बोलली.

"बाई, बाकीच्याईले कवा सोडता?"

"उद्यापासून," मी म्हणाले. "एकेकाला. यमुताई तिथे बसल्या आहेत."

"यमुताईले उठवलं त्याईनं. पाट्या बाहेर काढून राहिले," ती म्हणाली.

मी घड्याळात पाहिले. चारला वीस मिनिटे कमी होती. बागेत कोणी तरी संत्र्यांची पेटी ठोकत होते, तेवढाच आवाज होता. मी कान देऊन ऐकले. खरेच, तेवढाच होता.

भागीरथाने आईला दूर सारले, पाटी पोटाशी धरली आणि दोन्ही कान तळहातांनी दाबले. डोळे घट्ट मिटले. कौसल्या तिचे हात सोडवायला गेली, पण ते सुटले नाहीत. "काय होते वं बाई? काय ऐकून राहिली?" ती पोरीला विचारत होती, मला विचारत होती. मी त्या दोघींसमोर मातीत बसले होते आणि माझ्या अर्जातली वाक्ये मला एकामागून एक आठवत होती. नेटकी, न्याय्य वाक्ये. आजही मला त्यातले एकही खोटे ठरवता येत नाही.

सव्वाचारला भागीरथाने हात खाली घेतले.

"झालं," ती म्हणाली, आणि आईकडे भाकर मागितली.